तक्त्यातली पट्टी

“पण मॅडम, यातला एक तरी आकडा खोटा आहे का?”

यशोधनचा आवाज चढला होता. समोर बसून त्याच्या मार्गदर्शक सामक मॅडम त्याचा तक्ता वाचत होत्या. उद्या सकाळी प्रयोगशाळेत तज्ज्ञांची समिती येणार होती. तिला काम पटलं नाही, तर चार वर्षांचं संशोधन तिथेच बंद.

काम असं: काचेसारखी पारदर्शक, कागदासारखी वाकणारी आणि तरीही वीज वाहून नेणारी पॉलिमरची पट्टी बनवायची. घडी घालता येणाऱ्या पडद्यांसाठी. पोरगा हुशार होता. ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, इतकंच.

“आकडे खरे आहेत,” मॅडम म्हणाल्या. “पट्टी दाखव.”

त्याने चिमट्याने एक पट्टी उचलली, तारा जोडल्या. छोटा दिवा लख्ख पेटला.

“आता वाकव.”

“ही नको... ही तडकते. वाकणारी दुसरी आहे.”

“बरं. हिच्यातून पलीकडचं वाचून दाखव.”

“ही जाड झालीय, निळी दिसते... पारदर्शक ती तिसरी.”

“त्या तिसरीला तारा लावल्या तर दिवा पेटतो?”

“नाही पेटत.”

यशोधनने चिमटा खाली ठेवला. तीन पट्ट्यांचे तीन गुण त्याने तक्त्यात एकाच नावाखाली बसवले होते. सोयरीक जमवताना थोरलीचं रूप, मधलीचं शिक्षण आणि धाकटीचा स्वभाव सांगावा, तसं.

मॅडमनी टाकाऊ पट्ट्यांच्या डबीत हात घातला. एक काढली, स्वतःच्या बोटाला गुंडाळली आणि तारा लावल्या. दिवा मिणमिणला, पण विझला नाही. पट्टीखालची अंगठी पुसट दिसत होती.

“ही का टाकलीस?”

“कशातच पहिली नाही, म्हणून.”

“उद्या समितीला ही दाखव.”

आता यशोधनला खरंच भीती वाटू लागली. तक्त्यातली, कुठेच नसलेली पट्टी उद्या नक्की पास झाली असती. ही मात्र...

“मॅडम, समितीनं हिला नापास केलं तर?”

मॅडमनी पट्टी आपल्या बोटावरून उतरवली आणि अलगद त्याच्या बोटावर चढवली.

“मग नापास कोण झालं, ते तरी कळेल.”