बुधीच्या उतरणीवरची भुईआवळी

अहो भाऊ, मुळासकट उपटू नका! शेंडा खुडा नुसता. ही उतरण बुधीची आणि तिच्यावरची भुईआवळी आमच्या कोंबड्यांची. तुम्ही पोल्ट्रीवाले एवढ्या लांबून आलात, विचारलंत, म्हणून सांगते. हल्ली इतकं बोललं तरी धाप लागते मला.

फार मागं, म्हणे, आमच्या वाडीत बुधी नावाची बाई होती. तिची लेक सोमी तापानं फणफणली. पोर उठली तर डोंगराईला कोंबडी देईन, असा बुधीनं नवस केला. पोर उठली. पण नवस फेडायच्या आधीच वाडीतल्या कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. खुराडी ओस पडली. बुधीची एकच कोंबडी उरली, तीही मान टाकून बसलेली. नवसाची कोंबडी देण्याआधीच मेली तर देवी लेक परत मागते, असा तेव्हाचा धाक.

चार दिवस भाताच्या लावणीत वाकून तिची कंबर मोडलेली. तरी पहाटेच दळण, पाणी उरकलं, कोंबडी पाटीत घातली आणि डोंगर चढायला लागली. इथवर आली आणि मटकन खालीच बसली. पाटी कलंडली, कोंबडी झुडपात शिरली. उठून धरावी एवढं त्राण बाईत नव्हतं. ती रडली आणि म्हणाली, "आई, तुझी कोंबडी तूच धर. माझ्याच्यानं नाही होत आता."

असं सांगतात, की दिवस कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली. कोंबडी आपली हा कडू पाला टिपत होती. उन्हं उतरली तशी तिनं मान उचलली, पंख झाडले आणि आपण होऊन बुधीजवळ आली. बुधी तिला देवळात घेऊन गेली. भगत सुरी घेऊन पुढं झाला, तशी बुधी म्हणाली, "दिवसभर मोकळी होती. देवीनं धरली नाही, मग मी कोण धरणार?"

बोलून तर बसली, कोंबडी तशीच जिवंत परत घेऊन निघाली, पण घरी पोचेस्तोवर तिच्या जिवात जीव नव्हता. सोमी उंबऱ्यात बसून भाकरी खात होती.

आजही लावणी सरली की आम्ही बाया कोंबड्या इथं आणतो, पाला चिरून कण्यांत कालवतो आणि खायला घालतो. कोंबड्या खातात तोवर बाईनं बसायचं, घरून कुणी हाक मारायची नाही. वर्षातून एवढंच काय ते बसणं. म्हणून मी कण्या जरा जास्तच टाकते.