खोकणारी घंटा

फार फार वर्षांमागं एका डोंगराच्या पायथ्याशी एक वीटवाली राहायची, आणि तिचं खरं कुणी म्हणजे कुणी मानत नव्हतं. भट्टीवर नाही, गावात नाही, देवाच्या दारात तर नाहीच. ती म्हणायची, "घंटा वाजत नाही." लोक म्हणायचे, "बाई, घंटा रोज वाजते. तुझेच कान बुजलेत."

आता ही घंटा कसली, ते आधी ऐका.

डोंगराच्या अल्याड विटांची भट्टी होती, पल्याड गाव होतं. गावात ख्रिस्ताचं मंदिर आणि मंदिराला लागून शाळा. भट्टीवरची पोरं उजाडल्यापासून विटा वाहायची. त्यांच्या आईबापांनी तेच केलं होतं. मग गावातल्या बायांनी एक ठरवलं. एकेका घरानं भट्टीवरचं एकेक मूल आपलं म्हणायचं. रोज चुलीवर तवा चढवायच्या आधी मूठभर धान्य त्या मुलाच्या नावानं मडक्यात टाकायचं. त्या मुठीतून त्याची दुपारची भाकर, त्याची पाटी, त्याच्या अंगावरचं कापड.

कुणीतरी कुरकुरलं, "ती काय आपल्या मंडळीतली आहेत?"

पाळकबाबा म्हणाले, "प्रभूनं पोरं जवळ घेतली तेव्हा विचारलं होतं का, कुणाची म्हणून?" विषय तिथंच मिटला.

भट्टीचा मालक मंदिरात पहिल्या रांगेत बसायचा. चारचौघांत नाही कसं म्हणणार? तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझी हरकत नाही. शाळेची घंटा ऐकू आली की पोरांनी हातातली वीट ठेवायची आणि निघायचं. त्याआधी मात्र कुणी हलायचं नाही. आणि घंटा मी देतो."

घंटा आली. अशी खणखणीत, की तिचा आवाज डोंगर ओलांडून भट्टीवर येऊन पडायचा. लोकांनी मालकाला हार घातला.

पोरं शाळेत जायला लागली. वीटवालीची मुलगीही गेली. एका संध्याकाळी तिनं भाजलेल्या विटेवर बोट ठेवलं. प्रत्येक विटेवर मालकाचं नाव साच्यातून उठायचं. पोरीनं त्यातलं पहिलं अक्षर वाचून दाखवलं. जन्मभर विटा डोक्यावर वाहिलेल्या त्या बाईला तेव्हा कळलं की विटा बोलतात. ती त्या रात्री भाकर खायची विसरली.

पण पोरं निघून गेली की विटा पडून राहायच्या. मालक दातओठ खायचा. मग त्यानं एक माणूस घंटेला तेल द्यायला म्हणून मनोऱ्यावर पाठवला, आणि दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर घंटा ऐकू येईना.

पोरं डोंगराकडं कान लावून उभी राहायची. ऊन डोक्यावर यायचं. मालक विचारायचा, "झाली का घंटा? नाही ना? मग उचला."

वीटवाली गाढवावर विटा लादून गावात गेली, तेव्हा वाट वाकडी करून मंदिरात शिरली. पाळकबाबांनी लगेच दोरी ओढायला लावली. दोघं घंटेखाली उभे राहिले. वरून आवाज आला, ठप, ठप.

"वाजते की," पाळकबाबा म्हणाले.

"बाबा, ही वाजत नाही. ही खोकते."

"तू लांबून आलीस, दमलीस. पाणी पी."

ती पाणी प्यायली नाही. परत येताना ती वाटेत धोंड्यावर बसली आणि मालकाला तोंडाला येतील तशा शिव्या घातल्या. शिव्या संपल्यावर गाढव म्हणालं, "घंटेच्या आतल्या लोलकाला माझं खोगीर गुंडाळलंय."

गाढव बोललं याचं तिला नवल वाटलं नाही. भट्टीवरचं कुणी आपल्याशी नीट बोलतंय, हेच नवल. "मग इतके दिवस गप्प का होतास?"

"कुणी विचारलं नाही. मला वाटलं, जुनं कापलं म्हणजे नवं देतील. बघ माझी पाठ."

पाठ सोलून निघाली होती. नवं फडकं विकत घ्यायला मालकाचा जीव झाला नव्हता, म्हणून खोगिराचं जुनं कातडं.

ती तशीच माघारी फिरली. मंदिराच्या अंगणात बाया धान्य पाखडत होत्या, मालकही उभा होता. तिनं सगळं सांगितलं.

"साक्षीदार कोण?" एकीनं विचारलं.

"गाढव."

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. वीटवाली म्हणाली, "हसा. खोटं बोलून त्याला चाराही जास्त मिळत नाही. खोटं बोलून इथं ज्यांना मिळतं, त्यांच्याकडं बघा."

मालक गोड हसला. "बाई, घंटा मीच दिली. मीच तिला मुकी करीन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो हळूच म्हणाला, "त्यांना शिकायचंच नाही. मुठी वाया कशाला घालवता? कापणीच्या सणाला ठरवून टाका, दुसऱ्या गावच्या पोरांना द्या." त्यालाही सगळ्यांनी माना डोलावल्या.

म्हणजे सणाच्या दिवशी तिच्या पोरीची पाटी जाणार होती. आणि एकदा गेली की विटाच.

सण आला. मंदिर माणसांनी भरलं, मालक पहिल्या रांगेत बसला. वीटवाली मागून घंटेच्या मनोऱ्याकडं गेली, तर तिथं एक म्हातारी वाट अडवून उभी.

"माझी पोर शाळेत का येत नाही गं?"

"तुमची? पोर माझी आहे."

"निम्मी माझी. रोज मूठ कुणाच्या नावानं टाकते मी? हसले त्यांत मी नव्हते. शिडी धरते, चढ. पडलीस तर माझ्यावर पडू नकोस."

वीटवाली चढली. लोलकाला कातडं गच्च बांधलेलं होतं. तिनं गाठ दातांनी सोडली, कातडं खाली टाकलं, आणि दोन्ही हातांनी लोलक असा हाणला की मनोऱ्यातली कबुतरं उडाली. खाली प्रार्थना थांबली. सगळं मंदिर अंगणात आलं. ती हाणतच राहिली.

आणि मग डोंगराच्या माथ्यावर एक डोकं दिसलं. मग आणखी. विटांच्या भुकटीनं लाल झालेली पोरं रांगेनं उतरत आली, पुढं वीटवालीची मुलगी. कुणाच्या तळव्याला मातीचा गारा, कुणाच्या डोक्यावर चुंबळ तशीच.

"घंटा झाली," मुलगी म्हणाली. "आलो."

पाळकबाबांनी विचारलं, "आज सणाला भट्टी चालू आहे?"

त्यांनी कातडं उचललं. "हे कुणी बांधलं?"

मालक म्हणाला, नोकरानं बांधलं असेल. मग म्हणाला, पाखरांनी नेलं असेल. शेवटी म्हणाला, गाढवानं.

"मी शिडी चढत नाही," मनोऱ्याखाली बांधलेलं गाढव म्हणालं.

कातड्यावर डाग देऊन उठवलेली अक्षरं होती. पाळकबाबांची नजर अधू. वाचता येणारी माणसं भोवती पुष्कळ होती, पण कुणी खाकरलं, कुणी आभाळाकडं बघितलं. तेव्हा ती मुलगी पुढं झाली. विटांवरची तीच अक्षरं तिनं ओळखली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचली. काय वाचलं, ते शेवटी सांगू.

पाळकबाबा वीटवालीपुढं उभे राहिले. "मी घंटेखाली उभा राहून ऐकत होतो. तू भट्टीवर उभी राहायचीस तिथं येऊन ऐकायला हवं होतं." तिनं मान डोलावली. आता मात्र तिनं पाणी मागून घेतलं.

त्या दिवसापासून भट्टीवरची पोरं घंटेची वाट बघत बसली नाहीत. बाया स्वतः डोंगर ओलांडून जायच्या आणि ज्याच्या नावानं मूठ टाकायच्या त्याचा हात धरून त्याला शाळेत आणायच्या. मालकाला कुणी हाकललं नाही, पण पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी पुन्हा कुणी बसलं नाही. गाढवाला नवं खोगीर मिळालं. वीटवालीची मुलगी पुढं त्याच शाळेची बाई झाली, आणि म्हातारी मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, "निम्मी माझी."

तात्पर्य एवढंच: दिलेल्या दानाची जीभ जो आपल्या हातात धरून ठेवतो, तो दाता नव्हे, चोर.

ते कातडं शाळेच्या भिंतीवर टांगलेलं आहे. नवं मूल शाळेत आलं की बाई त्याचं बोट धरून कातड्यावरच्या अक्षरांवर ठेवतात आणि मूल आयुष्यातला पहिला शब्द वाचतं, तोच, जो त्या दिवशी सगळ्या गावासमोर वाचला गेला: रू, बे, न. रूबेन.