ओढाईची टोपली

लहानांनो, मोठ्यांनो, हातातलं काम राहू द्या आणि ऐका. फार फार वर्षांमागे एका राजधानीच्या वेशीबाहेर नुसती शेतंच शेतं होती. त्यांच्या मधून एक ओढा वाहायचा. लोक त्याला देवी मानत, ओढाई म्हणत.

वैशाखात ओढा आटला, की बायका ओढाईचं व्रत करत. उपास धरायचा, ओढ्यात उतरायचं, टोपलीभर गाळ उपसून आपल्या शेतात टाकायचा, मगच भाकरी खायची. असं का, हे कुणी विचारलं नाही. सासूनं केलं, ते सुनेनं केलं.

पुढे राजधानी फुगत गेली. राजानं शेतं घेतली, मोबदला चोख दिला. नांगर माळ्यावर गेले. बांध मोडून फरसबंद रस्ते झाले, उसाच्या जागी दुमजली घरं उभी राहिली. शेतं गेली आणि पेठ वसली.

त्या पेठेत सगुणा नावाची सून होती. मनानं चांगली, एकही उपास न चुकवणारी. सासूचे गुडघे धरलेले, जिना चढवत नसे, म्हणून तिला ओढ्याकडची खालची खोली दिली होती.

वैशाख आला. सासूनं टोपली पुढे केली.

"सगुणे, आता माझ्यानं उतरवत नाही. तू उतर."

"पण आत्याबाई, गाळ टाकायचा कुठे? दिवाणखान्यात?"

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

"कुठेही टाक, बाई. पण उपस."

सगुणाला व्रत मोडायचं नव्हतं आणि नव्या लुगड्याचा काठही मळवायचा नव्हता. तिनं चांदीची वाटी घेतली, काठावरूनच चिमूटभर गाळ उचलला, हळदकुंकू वाहून तुळशीत टाकला.

"झालं. देवीला चिमूटही पोचते," ती म्हणाली.

"देवीला पोचेल गं," सासू म्हणाली, "ओढ्याला पोचेल का?"

पुढच्या वर्षी साऱ्या पेठेत चांदीच्या वाट्या निघाल्या. टोपल्या अडगळीत पडल्या. सासूनं मात्र आपली टोपली खुंटीवरून काढू दिली नाही.

वर्षं सरली. गाळावर गाळ साचला. म्हातारी खिडकीशी बसून म्हणायची, "ओढा वर यायला लागलाय गं."

"आजी, तुमची खिडकीच खाली गेली असेल," शेजारीण थट्टा करायची.

मग एका श्रावणात आभाळ फाटलं. त्या शुक्रवारी सगुणाकडे माडीवर जिवतीची पूजा होती. बायका जमल्या होत्या, आरती रंगली होती, घंटा घणघणत होती. ओढ्याला जायला वाट नव्हती, तो घरांत शिरला. खालून म्हातारीनं हाका मारल्या असतील. घंटेपुढे त्या कुणाला ऐकू आल्या नाहीत.

पाणी ओसरलं तेव्हा खालच्या खोलीचं दार उघडेना. आत कंबरभर गाळ होता. खुंटीवर टोपली तशीच होती. सगुणानं ती उतरवली आणि गाळ उपसायला लागली. जो गाळ तिनं कधी उचलला नव्हता, तो सगळा त्या दिवशी उचलला, तेव्हा कुठे सासू हाती लागली. पेठेत आणखीही घरं होती, जिथे त्या दिवशी चूल पेटली नाही.

वर्ष गेलं, वैशाख आला. सगुणा जुनं लुगडं नेसून एकटीच ओढ्यात उतरली.

काठावरून शेजारणीनं हळूच विचारलं, "सगुणाबाई, टाकणार कुठे?"

"आधी उपसू. मग बघू."

शेजारणीनं पदर खोचला. मग घरी गेली आणि टोपली घेऊन आली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. गाळाचा ढीग काठावर पडला. सगुणानं त्यात सासूच्या नावानं भोपळ्याचं बी टोचलं. वेल वाढला, साऱ्या पेठेला पुरला. सासू काही परत आली नाही.

म्हणून सांगते, व्रतातले कष्ट काढून टाकले, की व्रतातलं रक्षणही निघून जातं.