दोनशे पावलं

एकदा एक वस्ताद होता, आणि त्याला दोनच गोष्टी नीट येत: तोफेची दारू सांभाळणं आणि माणसांची खोडी काढणं. दारू म्हणजे तोफेत ठासतात ती. ज्यांचे कान दुसऱ्या कारणाने टवकारले असतील त्यांनी ते खाली घ्यावेत. चाळीस वर्षं तो एका लहानशा संस्थानाच्या दारूखान्यावर होता आणि तरीही त्याची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. त्या धंद्यात दहा बोटांना पदवीपेक्षा जास्त मान असतो.

त्याचा एक शागीर्द होता, सुभानजी नावाचा. तिशीला टेकलेला, मिशीला रोज तेल लावणारा, आणि सगळी विद्या मुखोद्गत असलेला. पेटीला लोखंडी खिळा मारू नये, तांब्याचा मारावा, कारण लोखंड घासलं की ठिणगी उडते. थैल्या पेटीत उभ्या लावाव्यात आणि मधल्या फटींत काथ्या ठासावा, म्हणजे गाडी कितीही हिंदकळली तरी थैली थैलीला घासत नाही. वर ओली घोंगडी टाकावी. आखाला वंगण द्यावं, कारण कोरडा आख तापतो. गाडीवर चढताना जोडे खाली काढावेत. सुभानजी हे सगळं एका दमात म्हणून दाखवी, आणि वस्ताद शांतपणे ऐकून म्हणे, "पंडित, पेटी ऐकून घाबरली बघ. आता ती उडायची नाही."

एके सकाळी खबर आली की डोंगरमाथ्यावरच्या गढीला वेढा पडलाय. गढीत चार तोफा होत्या आणि दारू जेमतेम तीन दिवसांची. त्यातल्या एका तोफेवर सुभानजीचा थोरला भाऊ गोलंदाज होता. गढीच्या मागच्या अंगाने एक वाट अजून शत्रूला सापडली नव्हती. ती घोडागाडीने तीन दिवसांची. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत दारूगोळा पोचला तर तोफा बोलत राहणार. नाही पोचला तर चौथ्या सकाळी शत्रू दरवाजा फोडणार, आणि गोलंदाजाला कुणी कैद करून ठेवत नाही.

सुभानजीने वस्तादाचे पाय धरले. "वस्ताद, गाड्या मी नेतो."

"ने की. मी घोडीवर डुलक्या घेत मागून येतो."

दोन गाड्या जायच्या होत्या. एकीत दारूच्या थैल्या आणि गोळे. दुसरीत विस्तव. असं डोळे फाडून बघू नका; वाटेत कुणी आडवं आलं तर सोबतच्या सहा शिपायांना बंदुकीची धुमसती दोरी पेटवायला निखारा तयारच लागतो, शत्रू काही चकमक झाडेपर्यंत थांबत नाही. म्हणून लोखंडी हंडीत राखेखाली निखारे जपून न्यायचे. दंडक ठरलेला होता: वारा पाठीमागून, तेव्हा विस्तव पुढे, दारू मागे, आणि मध्ये दोनशे पावलं.

आता गाडीवान. पागेत वीस गाडीवान होते, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून हिंडणारे, गाणी म्हणणारे, एका चिलमीवर पाच जण जगणारे. वस्तादाने त्यांच्यावरून नजर फिरवली आणि नेमके दोघे वेचले: विस्तवाला रखमाजी, दारूला हैबती.

सुभानजी हबकला. हे दोघे साडू. नऊ वर्षांपूर्वी सासऱ्याने दिवाळसणाला रखमाजीला रेशीमकाठी धोतर दिलं आणि हैबतीला साधं सुती. त्या दिवसापासून दोघांचं मौनव्रत. बोलायची वेळ आलीच तर घोड्यामार्फत. आताही हैबती आपल्या घोड्याची मान खाजवत म्हणाला, "ऐकलंस का राजा, पुढे रेशमी माणूस चालणार आहे. धूळ खायची तयारी ठेव."

रखमाजी आपल्या घोडीला म्हणाला, "मागं वळून बघू नको गं बाई. मागं नुसतं सूत आहे."

"वस्ताद," सुभानजी कुजबुजला, "यांचं नऊ वर्षं बोलणं नाही."

"माहीत आहे."

"मग हेच का?"

वस्ताद हसायला लागला तो खोकला लागेपर्यंत हसला. उत्तर म्हणून एवढंच.

पहिला दिवस असा गेला की सुभानजीला पावलं मोजायचीच गरज पडली नाही. मधलं अंतर दोनशेचं दोनशे. रखमाजी थांबला की हैबती थांबे, दुसऱ्या कशासाठी नाही, तर त्याचं तोंड बघायला लागू नये म्हणून. हैबतीला दुसरा उद्योगच नव्हता, म्हणून घटकेघटकेला घोंगडीवर पाणी शिंपी, पट्टे ओढून बघे, आखाला वंगण लावी. रखमाजी हंडीवरची राख सारखी करत बसे, आईने झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका चढावर रखमाजीची गाडी दगडात रुतली. शिपाई ढकलत होते, घोडी फेसाळली होती, आणि मागे दोनशे पावलांवर हैबती मांडी घालून बसला होता, तमाशाला पुढची जागा मिळाल्यासारखा प्रसन्न. अर्धा प्रहर गेला. हे भांडण वेळ खातंय, आणि तो वेळ आपल्या भावाच्या आयुष्यातला आहे, एवढंच त्याला दिसायला लागलं.

दुपारी ओढ्याकाठी विसावा घेतला. पुढे नदीला उतार कुठे आहे ते बघायला वस्ताद शिपाई घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "पंडित, गाड्या तुझ्या. दंडक तेवढा मोडू नको."

वस्ताद दिसेनासा झाला आणि सुभानजीने आपल्या फडक्यातला मिरचीचा ठेचा काढला, केळीच्या पानावर ठेवला आणि हैबतीसमोर नेला. "रखमाजीदादांनी दिलाय. म्हणाले, घरचा आहे, चाखून बघा म्हणावं."

हैबतीचा घास हातातच राहिला. "त्यानं दिलाय? मला?"

मग उरलेला कांदा घेऊन सुभानजी रखमाजीकडे गेला. "हैबतीदादांनी पाठवलाय. म्हणाले, चढावर मदतीला यायला हवं होतं, चुकलं."

रखमाजी कांद्याकडे बघत राहिला. कांदा अजून फोडलासुद्धा नव्हता, आणि याच्या डोळ्यांत पाणी. नऊ वर्षं माणूस नुसता निमित्ताला टेकलेला असतो. दोघे उठले, ओढ्याच्या मधोमध पाण्यात उभे राहिले आणि एकमेकांना मिठी मारून ढसाढसा रडले. सुभानजीची छाती भरून आली. वस्तादाला जे जमलं नाही ते आपण एका ठेच्यात केलं, असं त्याला वाटलं, आणि त्याने मिशीला पीळ दिला.

गाड्या निघाल्या. पहिली थोडी वाट मधलं अंतर दोनशे पावलं राहिलं. मग सुभानजीने मागे वळून पाहिलं तर दीडशे. ओरडला, "हैबतीदादा, अंतर."

"हो हो, पंडित."

थोड्या वेळाने शंभर. मग पन्नास. हैबती पुढे येत होता आणि रखमाजी मागे राहत होता, पागेकडे निघालेली जनावरं आपोआप जवळ येतात तसे. सुभानजी मध्ये धावला, हैबतीच्या घोड्याला धरून थांबवलं, रखमाजीला पुढे पिटाळलं. दोघांनी कान पकडले, चुकलं म्हणाले, आणि पुढच्या वळणावर पुन्हा शेजारी. नऊ वर्षांचं बोलणं साचलेलं होतं, ते दोनशे पावलांवरून कसं बोलणार? कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, सासरा हल्ली कानाने किती बहिरा झालाय. घोंगडीवर पाणी शिंपायची आठवण कुणाला? ऊन खाऊन ती खडखडीत वाळली होती. हंडीवरची राख वाऱ्याने उडाली होती आणि आतले निखारे लालबुंद डोळे उघडून बघत होते.

एवढ्यात वारा फिरला. पाठीमागचा वारा आडवा झाला, रखमाजीकडून हैबतीकडे.

सुभानजीला ते आधी मानेवर कळलं आणि मग सगळं एकदम दिसलं. रखमाजीने चिलीम भरली होती, हंडीतला निखारा चिमट्याने वर ठेवला होता, दोन झुरके मारून ती साडूकडे पुढे केली होती. हैबती दारूच्या पेटीवर बसून हात लांब करत होता. चिलमीतून एक ठिणगी सुटली, हवेत डुलली आणि पेटीवरच्या वाळक्या घोंगडीवर जाऊन बसली. लोकरीत एक काळं भोक पडलं आणि वाढायला लागलं.

ओरडावं तर घोडे उधळणार. घोडे उधळले तर चाकं एकमेकांत अडकणार आणि हंडी लवंडणार. सुभानजीने जोडे भिरकावले, दोन ढांगांत गाडीवर चढला आणि त्या भोकावर उघडा तळहात दाबला. करपलेल्या लोकरीचा वास आला, आणि थोडा त्याच्या स्वतःचाही. हैबतीला पत्ता नाही. त्याची बोटं चिलमीपासून वीतभर लांब.

समोरून वस्तादाची घोडी येत होती. चालत. वस्तादाने सगळं बघितलं होतं, पण त्याने टाच मारली नाही. जवळ आला, लगाम सैल सोडला आणि गावच्या पारावर बसल्यासारखं म्हणाला, "वा, साडूंचं जमलं म्हणायचं. बरं झालं. मग आता एकदा सांगूनच टाका, ते रेशीमकाठी धोतर सासऱ्यानं दिलं ते कुणाच्या कुठल्या गुणाला?"

रखमाजीचा चिलमीचा हात मागे आला. "गुणाला म्हणजे काय, मी थोरला जावई."

"थोरला?" हैबतीचाही हात मागे आला. "साखरपुडा आधी माझा झाला."

"साखरपुड्यानं कुणी थोरलं होत नाही."

"चढावर गाडी रुतवून तरी होतं का?"

पुढचं काही लिहिण्यासारखं नाही. रखमाजीने चिलीम वाटेच्या मातीत उलटी केली, जोड्याने रगडली आणि गाडी पुढे काढली. शंभर पावलं, दोनशे, रागाच्या भरात चांगली अडीचशे. हैबतीने राजाच्या कानात काहीतरी सांगितलं, पखाल उचलली आणि जळलेल्या घोंगडीवर असं पाणी ओतलं की जणू साडूचं डोकंच थंड करतोय. वस्तादाने बोट ओलं करून वारा पाहिला, दोघांनाही वाऱ्याच्या हिशेबाने वाटेच्या वेगवेगळ्या अंगांना घातलं, आणि गाड्या पुढे सरकल्या.

सुभानजी मागे बसकण मारून बसला होता. तळहातावर वाटाण्याएवढा फोड. वस्ताद घोडीवरून उतरला आणि शेजारी टेकला.

"वस्ताद, मी चांगलं करायला गेलो होतो."

"केलंस की. दोन माणसं जोडलीस. पुण्याचं काम आहे. फक्त कोण कशावर बसलंय ते बघायचं राहिलं."

"म्हणजे भांडणच बरं?"

"भांडण वाईटच रे. पण मला दोनशे पावलं हवी होती. हुकमाने मिळालेली दोनशे पावलं सकाळी असतात आणि दुपारी वितळतात. मैत्रीत तर ती कुणी मोजतच नाही. म्हणून मी या दोघांचं भांडण उसनं घेतलं, आणि ते तसंच परत करणार आहे. माझंही चुकलं म्हण. तू विचारलंस तेव्हा मी हसलो, सांगायला हवं होतं." तो पहिल्यांदाच गंभीर दिसत होता, आणि ते त्याला शोभत नव्हतं. "विस्तव आपला, दारूही आपली. त्यांनी भेटायचं नाही असं कोण म्हणतंय? भेटावं म्हणून तर आपण घाट चढतोय. पण ती भेट तोफेच्या कानाशी, बत्ती लावतात तिथं, योग्य घटकेला, जाणत्या हाताने घडवायची. वाटेत घडली तर तिला भेट म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. अंतर दिसलं की तू त्याला वैर समजलास. काही अंतरं प्रेमाने राखलेली असतात, पंडित. त्यांच्यावर तसं लिहिलेलं नसतं एवढंच."

तिसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला तेव्हा मागच्या दरवाजातून दोन्ही गाड्या गढीत शिरल्या. लोकांनी पेट्या खांद्यावर घेतल्या, अनवाणी पायांनी तळघरात नेल्या. सुभानजी स्वतः पेट्यांना खांदा देत होता. एका पेटीचं फळकुट सैल होऊन आतली थैली उसवली होती. तिच्यातली दारूची काळी भुकटी त्याच्या बाराबंदीवर, दाढीवर, पापण्यांवर बसली. वर तोफांनी एकापाठोपाठ एक आवाज दिले आणि तटाखालचा शत्रूचा गलका हळूहळू मागे हटत गेला. रिकाम्या गाड्या पाण्याने धुऊन झाल्यावर वस्तादाने दोघा साडूंना एका ताटावर बसवलं. ते अजून भांडतच होते, पण आता मध्ये घोडा लागत नव्हता.

तेवढ्यात तटाच्या पायऱ्या उतरत सुभानजीचा भाऊ धावत आला. तीन दिवसांची झोप नाही, डोळे लाल, आणि दोन्ही हात पसरलेले. "सुभान्या, आलास रे," म्हणत तो जवळजवळ पोचलाच होता. त्याच्या उजव्या हातात तोफेला लावायची बत्ती तशीच धुमसत होती.

सुभानजी मागे सरला. एक पाऊल, दोन, पाच. हात वर करून म्हणाला, "दादा, तिथंच थांब."

भावाचा चेहरा उतरला. "काय रे? एवढा जीव टाकून वाट बघितली, आणि शिवून घेईनास?"

"शिवून घेणार आहे. पण आधी तू ती बत्ती तोफेपाशी ठेवून ये आणि मी टाक्यावर अंघोळ करून येतो. तोवर जरा लांबून बघू दे तुला. दिसतोयस, तेवढं पुष्कळ आहे."

भावाने आपल्या हाताकडे पाहिलं, मग सुभानजीच्या काळ्या दाढीकडे, आणि मान हलवली. तो मागे वळला आणि पायऱ्या चढून गेला. दोघे एकमेकांपासून लांब जात होते, आणि बाजूला उभ्या असलेल्या वस्तादाला या खेपेला कोणतीही थट्टा सुचली नाही. तो नुसता त्यांच्यामधली पावलं मोजत राहिला.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत कुठे दोन माणसं लांब लांब दिसली, तर ठेचा घेऊन धावण्यापूर्वी कुणाच्या गाडीत काय भरलंय ते एकदा वाकून बघा.