गोगलगायीने विचारलेला प्रश्न

ज्या काळी वाटा फक्त खुरांनीच पडत, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात एक डबकं आटत आलं. तिथल्या गोगलगायीला टेकडीपलीकडचं तळं गाठायचं होतं. पण स्वतःच्या चालीने निघाली असती, तर वाटेतच वाळून गेली असती. म्हणून ती वाटेकडेच्या दगडावर चढून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, "कुठं निघालात?"

पहिला आला भारद्वाज. "तुला जायचंय तिथंच!" तो लाडाने म्हणाला. "बोल, कुठं सोडू?"

"मला कुठंच जायचं नाही," म्हणत गोगलगाय शंखात शिरली आणि दगडाला घट्ट चिकटली. चार टोचे मारून भारद्वाज चिडून उडून गेला.

दुपारी म्हैस आली. "तळ्यावर डुंबायला चाललेय," ती म्हणाली. "यायचं तर शिंगावर बस. पण तुझ्यासाठी वाट वाकडी करणार नाही, सांगून ठेवते."

तिने दगडाला मान घासली, तेवढ्यात गोगलगाय शिंगावर सरकली.

संध्याकाळी सगळी हकिकत ऐकून तळ्यातली बेडकी म्हणाली, "अगं, इतकं गोड बोलणारा सोडून या फटकळ म्हशीबरोबर आलीस?"

"म्हशीचं काम तळ्यावर होतं," ओल्या चिखलात उतरत गोगलगाय म्हणाली. "भारद्वाजाचं काम माझ्याशीच होतं."