गेनबा दोरवाल्याचा व्यक्तिमत्त्व विकास

गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून रुसतात. तर त्या गावात गेनबा नावाचा एक भोळा दोरवाला होता. घायपाताचे दोर असे वळायचा की बैल थकेल, पण दोर तुटणार नाही. मात्र माणूस समोर आला की याची नजर पायाच्या अंगठ्यावर आणि जीभ टाळूला.

शेजारच्या गावची हौसा बाजारात त्याच्याकडूनच दोर घ्यायची. एकदा म्हणाली, "तुमच्या दोराला नाव ठेवायला जागा नाही." गेनबा आठवडाभर एकटाच हसत होता. ते बघून त्याच्या रंगनाथमामांनी त्याच्यासाठी हौसाला मागणी घातली. तिचे वडील निवृत्तीअण्णा मुलगा बघायला आले. तासभर बसले. गेनबा तासभर अंगठा बघत बसला.

अण्णा म्हणाले, "पोरगा कष्टाळू आहे, पण चार माणसांत वागता येत नाही. महिन्यानं येतो. फरक दिसला तर हौसा तुमची."

"फरक? बघाच तुम्ही!" मामा म्हणाले. मामांनी तालुक्याला व्यक्तिमत्त्व विकासाचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. प्रमाणपत्राला चौकट करून ते देवांच्या शेजारी टांगलं होतं. मामी रोज त्यावरची धूळ पुसायच्या आणि नाक मुरडायच्या.

"धडा पहिला," मामा म्हणाले. "कुणी बोललं की त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. नजर हलवायची नाही."

"बरं मामा," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पोस्टमास्तरांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघाला. मास्तर म्हणाले, "काय गेनबा, कसं काय?"

गेनबानं मान गर्रकन मागे वळवली. मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घातले. "बरं आहे."

"अरे, पुढं बघ!"

"नाही मास्तर, तुमच्याशी बोलतोय ना."

"पुढं उकिरडा आहे!"

"असू द्या."

उकिरडा होताच. दोघांना विहिरीवर नेऊन धुवावं लागलं.

"अरे गाढवा," मामा म्हणाले, "तिथं डोळ्यांचं काय काम? कान द्यायचे! समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत मध्ये एक शब्द काढायचा नाही."

"बरं मामा."

संध्याकाळी काशीआत्यानं त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. आत्याची पाठ कुंपणाकडे. कुंपणावर तिचं नवं लुगडं वाळत होतं. शेळी आली. शेळीनं पदर खाल्ला. गेनबाचा जीव वरखाली झाला, पण आत्याचं बोलणं संपलं नव्हतं. सून झाली, व्याही झाले, जावयाचा धाकटा भाऊसुद्धा झाला.

"झालं का आत्या बोलून?" गेनबानं नम्रपणे विचारलं.

"झालं बाबा."

"मग सांगतो. शेळीनं तुमचं लुगडं खाल्लं. काठ तेवढा उरलाय."

मामांनी कपाळावर हात मारला. "मुखदुर्बळ कुठला! असं मागं मागं राहून कसं चालेल? कुणी बोलवायची वाट बघायची नाही. बेधडक पुढं व्हायचं!"

"बरं मामा."

रविवारी शाळेत हेडगुरुजींचा निरोपसमारंभ होता. सारा गाव लोटला होता. "सत्कारमूर्तींनी पुढं यावं," असं म्हणायचा अवकाश, गेनबा बेधडक पुढं झाला. मान वाकवून हार घालून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी गेला. गुडघे धरून निम्मे उठलेले गुरुजी तसेच खाली बसले.

मामांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. शाल-नारळ परत करून आल्यावर ते ओरडले, "अरे, तो मान दुसऱ्याचा! नीट ऐक. मानाची गोष्ट समोर आली, कुणी हार घेऊन आलं, की आपण एक पाऊल मागं सरायचं. वडीलधाऱ्याला पुढं करायचं. म्हणायचं, आधी तुम्ही!"

"बरं मामा," गेनबा म्हणाला. हा धडा त्याला फारच आवडला.

महिना भरला. अण्णा आले. गेनबा दारातून मागं सरला. "आधी तुम्ही!" पाण्याला आधी तुम्ही, चहाला आधी तुम्ही. अण्णांचे डोळे भरून आले. "केवढी ही नम्रता! ठरलं. हौसा तुमची."

मामा फुगले. त्यांनी प्रमाणपत्राला स्वतः उदबत्ती ओवाळली.

लग्नाचा दिवस उजाडला. गेनबा पाटावर, पाठीशी नवा फेटा बांधलेले मामा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला. खाली मान घातलेल्या हौसानं हार उचलला.

गेनबाला हार दिसला. पाठीमागं वडीलधारं माणूस दिसलं. आनंदानं त्याचा ऊर भरून आला. एवढा मोठा मान आणि तो आपण घ्यायचा? छे! तो झटकन बाजूला सरला आणि त्यानं मामांना हाताला धरून पाटावर ओढलं.

"मामा, आधी तुम्ही!"

हार मामांच्या गळ्यात पडला. वाजंत्री दणाणली. लांबच्यांना काय दिसणार, त्यांनी अक्षता उधळल्या. अण्णा मटकन खाली बसले. आणि बायकांच्या घोळक्यातून मामी पदर खोचून उठल्या.

भटजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय!" हौसानं वर बघितलं आणि तिला हसू आवरेना. तिनंच मामांच्या गळ्यातला हार ओढून काढला, गेनबाच्या गळ्यात घातला आणि दटावलं, "आता मागं सराल तर बघा!"

इकडं मामींचं तोंड सुटलं होतं. शिबिरापासून सुरुवात करून त्या फेट्यापर्यंत आल्या होत्या. मामा काकुळतीला आले. "गेनबा, अरे तुझ्यापायी झालंय हे! सांग की तिला काहीतरी!"

गेनबानं ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा मामा. मामींचं पुरतं बोलून होऊ द्या."