भिक्याचं तप

“माय, व्रत मोडलं की मागचं सगळं पाण्यात जातं का?”

अच्युतने हे विचारलं तेव्हा त्याच्या हातांवर भिक्या होता. मठातलं म्हातारं कुत्रं. पाय ताठरलेले, कान गारठलेले, श्वास अडखळत चाललेला... अशा वेळी माणसाला व्रताची काळजी सुचावी! पण अच्युतला सुचली खरी.

भागामाय धुनीत गोवऱ्या सारत होती. मठ तिचा, शिष्य तिचा. तिने वर पाहिलं.

“आधी दार लाव,” ती म्हणाली. “वारं येतंय.”

सातपुड्याच्या पायथ्याला पौषात गवतावरचं दंव गोठतं. तो पौष उघड्या अंगाने काढायचा, असं अच्युतने ठरवलं होतं. घोंगडी नाही, शेकोटी नाही. संक्रांतीपर्यंत मठाबाहेरच्या कातळावर बसायचं. मायने त्याला बस म्हटलं नव्हतं, नको बसूस असंही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, “भिक्याला आत बांधून जा. नाहीतर ते तुझ्या मागं येईल.”

ते आलंच. दर हिवाळ्यात ते अच्युतच्या घोंगडीत, त्याच्या पोटाशी निजायचं. त्याच्यासाठी पेंढा अंथरायचा, फुटलेल्या पंजांना तेल लावायचं, पेज कोमट करून पुढ्यात ठेवायची, हे सारं अच्युतच करायचा आणि जीव लावून करायचा. या पौषात त्याने घोंगडी सोडली, पण भिक्याने त्याला सोडलं नाही. कातळावर येऊन ते त्याला चिकटून बसलं आणि कुडकुडत राहिलं.

उद्या बांधू, असं अच्युतच्या मनात होतं. पण पहिल्याच सकाळी गावातल्या बायका पाया पडायला आल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, “अगं बाई, महाराजांसंगं कुत्रंबी तपाला बसलंय!”

मग काय! गावाने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि महाराज चढले. लोक भिक्यापुढे बत्तासा ठेवू लागले. भिक्या तो हुंगायचा आणि मान टाकायचा. लोकांना वाटलं, कुत्र्याचा उपवास आहे. अच्युतला तसं वाटत नव्हतं. पण त्याने लोकांना तसं सांगितलंही नाही.

“धुनीजवळ ठेवू याला?” त्याने आता विचारलं.

“जाळाजवळ नको. एवढ्या गारठलेल्या जिवाला एकदम जाळ सोसत नाही. घोंगडीत घे. पोटाशी धर.”

मायने आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्याच्यापुढे टाकली.

अच्युतचा हात पुढे झाला... आणि थांबला.

“माय, संक्रांत अगदी तोंडावर आलीय.”

“हं.”

“तू घेतलंस याला, तर...?”

मायने भिक्याला मांडीवर घेतलं, घोंगडीत गुंडाळलं आणि त्याची छाती हलक्या हाताने चोळू लागली.

भिक्याने डोळे उघडले. घोंगडीतून एक पंजा बाहेर आला. अंग उचलत नव्हतं, तरी ते मांडीवरून सरकायला धडपडू लागलं. अच्युत उभा होता त्या बाजूला.

“माझ्याकडं राहत नाही ते,” माय म्हणाली.

...

अच्युत खाली बसला, पेंढ्यावर आडवा झाला, घोंगडी अंगावर ओढली आणि भिक्याला पोटाशी घट्ट धरलं. व्रत मोडलं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

भिक्याने नेहमीसारखं नाक त्याच्या काखेत खुपसलं.

अच्युत वाट पाहू लागला. थरथर वाढेल, मग थांबेल, मग अंग सैल पडेल, हे त्याला दर हिवाळ्याचं माहीत होतं. पण काही घडेना. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो घाबरला.

“माय... माझंच अंग गार आहे गं. याला द्यायला माझ्यात ऊबच नाही!”

माय दोघांच्या मागे येऊन बसली. तिने दोघांनाही कवेत घेतलं. पण ती म्हातारी, तिच्या अंगात कितीशी ऊब असणार?

काखेतला श्वास थांबला, तो कधी थांबला ते अच्युतला कळलंसुद्धा नाही.

तो रडला. हुंदके देऊन, लहान मूल रडतं तसा रडला. मायने त्याला गप्प केलं नाही.

ऊन वर आल्यावर मठामागच्या बोरीखाली त्याने खड्डा खणला, भिक्याला ठेवलं, माती लोटली. दर्शनाला आलेली माणसं दुरूनच हात जोडून उभी होती. कुणीतरी म्हणालं, “सुटलं बिचारं, समाधी लागली.”

“समाधी नाही लागली,” अच्युत म्हणाला. “थंडीनं मेलं. मी मारलं.”

माणसं एकमेकांकडे बघत परत गेली.

तो आत आला आणि मायच्या पायांशी बसला.

“माय, प्रायश्चित्त सांग. अन्न सोडतो. नदीच्या पाण्यात उभा राहतो. याहून कडक काही असेल तर ते सांग. पण सांग.”

माय उठली. धुनीजवळ तिने नवा पेंढा पसरला, हाताने थापून मऊ केला.

“इथं नीज.”

“माय, मला शिक्षा हवी आहे...”

मायने त्याला आडवं केलं. घोंगडी त्याच्या उघड्या खांद्यांवरून ओढली, कडा चारी बाजूंनी खाली नीट खोचल्या. धुनीत एक लाकूड घातलं.

“ऊब सोस, पोरा.”